इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज वाढवायची आहे? सुरुवात इथून करा

इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळजवळ सगळे फ्लॅट लीजहोल्ड असतात. इमारत आणि खालची जमीन फ्रीहोल्डरची. तुमच्याकडे असतो तो ठरावीक वर्षांपुरता राहण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा विकण्याचा हक्क. ती वर्षं संपली की फ्लॅटवरचा तुमचा मालकी हक्कही संपतो. प्रत्यक्षात कोणी तिथपर्यंत थांबत नाही, पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वर्षं कमी झाली की बँका मॉर्गेज द्यायला कां-कूं करतात, गिऱ्हाईक पाठ फिरवतं आणि लीज वाढवायचा खर्च चढत जातो.

नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर राहिलेल्यांना भाडेपट्टा नवीन नाही. पण तिथे तो विषय सोसायटीचा असतो, सगळ्यांचा मिळून. इथे प्रत्येक फ्लॅटची लीज वेगळी आणि ती वाढवण्याची जबाबदारी त्या फ्लॅटमालकाची एकट्याची. फ्रीहोल्डर आठवण करून देणार नाही, कारण उशीर झाला तर फायदा त्याचाच असतो. हॅरो, हाउन्स्लो, स्लाऊ, रीडिंगकडे पहिला फ्लॅट घेतलेल्या कितीतरी मराठी घरांत शाळेच्या कॅचमेंटची, ट्यूबच्या अंतराची, सर्व्हिस चार्जची, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या खर्चाची चर्चा रात्र-रात्र होते आणि लीजची वर्षं शेवटी कोणीतरी विचारतं. ती सगळ्यात आधी विचारायची गोष्ट आहे.

एक खुलासा आधीच करतो. स्कॉटलंडमध्ये आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कायदा वेगळा आहे. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं.

नेमकी किती वर्षं उरली आहेत?

एस्टेट एजंटच्या जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नका. सरकारच्या एचएम लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर जाऊन तुमच्या फ्लॅटचं टायटल रजिस्टर डाउनलोड करा. डिसेंबर २०२४पासून त्याची फी ७ पौंड आहे. सरकारच्या पानासारखीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी खासगी पानं सर्चमध्ये वर येतात, तेवढं जपा.

रजिस्टरचे तीन भाग असतात. पहिल्या भागात, प्रॉपर्टी रजिस्टरमध्ये, लीजची माहिती छोट्याशा चौकटीत दिलेली असते: लीजची तारीख, मुदत, कोणाकोणात झाली. मुदतीच्या ओळीत 'टर्म: १२५ वर्षं, २४ जून १९८३पासून' असं काहीतरी दिसेल. मोजायचं ते या तारखेपासून. तुम्ही फ्लॅट कधी घेतला किंवा लीजवर सह्या कधी झाल्या याचा इथे संबंध नाही. या उदाहरणात लीज जून २१०८मध्ये संपते. म्हणजे जून २०२६मध्ये उरली ८२ वर्षं आणि जून २०२८मध्ये ८०.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. १९८०च्या हाउसिंग ॲक्टने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहती घरं विकत घ्यायचा हक्क दिला आणि त्यात फ्लॅटना बहुधा १२५ वर्षांच्या लीज दिल्या गेल्या. मोठ्या खोल्या आणि त्या मानाने कमी किंमत यामुळे आपल्यातल्या अनेकांनी असे कौन्सिलचे जुने फ्लॅट घेतले आहेत. १९८०च्या दशकातल्या त्या लीज आता नेमक्या ८० वर्षांच्या उंबरठ्यावर येत आहेत. तुमचा फ्लॅट त्यातला असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी रजिस्टर काढा.

त्याच भागात फ्रीहोल्डरच्या टायटलचा नंबर बहुधा दिलेला असतो. आणखी ७ पौंड भरून तेही रजिस्टर काढा. लीज वाढवून मागणारी नोटीस ज्याला द्यायची त्याचं नाव आणि पत्ता त्यात मिळतो. मॅनेजिंग एजंट म्हणजे फ्रीहोल्डर नव्हे. सर्व्हिस चार्जची बिलं पाठवणारी कंपनी आणि इमारतीचा मालक बऱ्याचदा वेगळे असतात. मध्ये आणखी एखादी हेड लीज, म्हणजे मधला मालकही असू शकतो. तसं असेल तर नोटीस कोणाच्या नावाने काढायची हे सॉलिसिटरलाच ठरवू द्या.

ऐंशीची रेघ

लीज वाढवण्याचा कायदेशीर हक्क १९९३च्या लीजहोल्ड रिफॉर्म, हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट ॲक्टने दिला. त्यानुसार तुमच्या उरलेल्या वर्षांत ९० वर्षांची भर पडते आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, शून्यावर येतो. कायद्याच्या भाषेत 'पेपरकॉर्न', म्हणजे नावापुरता, जो कोणी मागत नाही. बदल्यात फ्रीहोल्डरला एकरकमी प्रीमियम द्यायचा.

या प्रीमियमचे भाग तीन. पहिला, फ्रीहोल्डरचं ग्राउंड रेंटचं उत्पन्न बुडतं त्याची भरपाई. दुसरा, लीज संपल्यावर फ्लॅट त्याच्या हातात परत आला असता, तो आता ९० वर्षं उशिरा येणार, त्याची भरपाई. तिसरा भाग मॅरेज व्हॅल्यू. लीज लांबली की फ्लॅटची किंमत वाढते, आणि त्या वाढीतला निम्मा हिस्सा फ्रीहोल्डरला द्यायचा. हा तिसरा भाग फक्त उरलेली वर्षं ८० किंवा त्याहून कमी असतील तेव्हाच लागतो. ८० वर्षांपेक्षा एक दिवस जरी जास्त असला तर मॅरेज व्हॅल्यू शून्य.

आकड्यांत बघू. समजा लांब लीज असताना फ्लॅटची किंमत ३ लाख पौंड आहे आणि ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड, न वाढणारा. भविष्यात मिळणाऱ्या फ्लॅटची आजची किंमत काढायला ५ टक्के दर धरतात. अर्ल कडोगन विरुद्ध स्पोर्टेली या खटल्यापासून फ्लॅटसाठी तोच रूढ आहे. ग्राउंड रेंटसाठी ६ टक्के धरू.

लीज ८१ वर्षांची असेल तर प्रीमियम होतो ७,३०० पौंडांच्या आसपास.

७८ वर्षांची असेल, आणि छोट्या लीजमुळे आज फ्लॅटची किंमत ९४ टक्केच आहे असं धरलं, तर १३,१०० पौंड. त्यातले जवळपास ४,९०० निव्वळ मॅरेज व्हॅल्यूचे.

६५ वर्षांची असेल आणि किंमत ८६ टक्क्यांवर आली असं धरलं, तर २८,००० पौंड, आणि त्यातली निम्मी रक्कम मॅरेज व्हॅल्यूची.

९४ आणि ८६ हे टक्के मी उदाहरणापुरते घेतले आहेत. तुमच्या फ्लॅटचे टक्के सर्व्हेअर, म्हणजे मालमत्तेची किंमत काढणारा तज्ज्ञ, ठरवेल आणि खरी रस्सीखेच त्यांवरच होते. पण चित्र हेच राहतं. तीन वर्षं 'बघू नंतर' म्हणत गेली की प्रीमियम दुपटीच्या जवळ पोचतो. लंडनमधल्या महाग फ्लॅटला हाच फरक कित्येक पटींनी वाढतो.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ही वर्षं मोजली जातात ती नोटीस बजावल्याच्या तारखेला. नोटीस ८० वर्षं आणि काही दिवस शिल्लक असताना पोचली, तर पुढे वाटाघाटीला वर्ष लागलं तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. म्हणून ८३-८४ वर्षं उरली असतील तर हाताशी वेळ आहे. साडेऐंशी असतील तर या आठवड्यातच सॉलिसिटरला फोन करा.

हक्क कोणाला आहे?

मूळ लीज २१ वर्षांहून अधिक मुदतीची असावी आणि फ्लॅट तुमच्या नावावर असावा, एवढं बहुतेकांना पुरतं. फ्लॅटमध्ये स्वतः राहायची अट नाही. तुम्ही पुण्याला परतला असाल आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तरी हक्क तुमचाच. पूर्वी फ्लॅट दोन वर्षं नावावर असावा लागायचा. ती अट ३१ जानेवारी २०२५पासून गेली. जुने लेख आणि व्हिडिओ अजूनही दोन वर्षांचीच गोष्ट सांगतात, त्यामुळे कोणी तसं म्हणालं तर घाबरू नका.

काही अपवाद आहेत. नॅशनल ट्रस्टच्या मालमत्ता, कॅथीड्रलच्या आवारातली घरं, धर्मादाय हाउसिंग ट्रस्टचे काही फ्लॅट यांना हा हक्क लागू होत नाही. शेअर्ड ओनरशिपमध्ये, म्हणजे घराचा काही हिस्सा विकत आणि बाकीचा भाड्याने घेतला असताना, पूर्ण १०० टक्के हिस्सा घेतलेला नसेल तर मामला वेगळा. तिथे आधी हाउसिंग असोसिएशनशी बोलायचं आणि त्यांच्या अटी लेखी मागवायच्या.

पत्र आलं, सवलत आहे, १४ दिवसांत कळवा

लीज वाढवायचे रस्ते दोन. एक कायद्याचा, ज्याला सगळे १९९३च्या कायद्यातल्या कलमावरून सेक्शन ४२ म्हणतात. दुसरा आपसातला: फ्रीहोल्डर एक ऑफर देतो, तुम्ही हो म्हणता, कागद होतात.

दुसरा रस्ता सोपा वाटतो आणि इथेच नवखी माणसं फसतात. ओळखीतल्या एका दांपत्याला फ्रीहोल्डरकडून आलेलं पत्र मी नीट वाचलं आहे. जाड कागद, वर लोगो, मजकूर अगदी आपुलकीचा. लीज पुन्हा १२५ वर्षांची करून देतो, रक्कम एवढी, वकिलाची फी वेगळी, ऑफर १४ दिवसांची. त्यांची ७९ वर्षं शिल्लक होती, म्हणजे भर पडणार होती ४६ वर्षांची. ग्राउंड रेंटचं वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी होतं: जुनी मुदत संपेपर्यंत आहे तसाच चालू राहील. मागितलेली रक्कम मात्र सर्व्हेअरने कायद्याच्या रस्त्यासाठी काढलेल्या अंदाजाच्या जवळपासच होती. कायद्याने त्यांना तेवढ्याच पैशांत १६९ वर्षं मिळणार होती आणि ग्राउंड रेंटही सुटणार होता.

जून २०२२पासून ग्राउंड रेंटच्या कायद्याने थोडं संरक्षण दिलं आहे. आपसात वाढवलेल्या लीजमध्येही वाढीव वर्षांवर ग्राउंड रेंट लावता येत नाही, तो फक्त जुन्या उरलेल्या मुदतीपुरता राहू शकतो. पण जुनी मुदत ७०-८० वर्षांची असेल तर तुमच्या हयातीपुरता तो राहतोच. शिवाय आपसातल्या बोलण्याला कायद्याचा आधार नसतो. सह्या होईपर्यंत फ्रीहोल्डर कधीही रक्कम वाढवू शकतो किंवा अंग काढून घेऊ शकतो. तोवर तुमची वर्षं घटतच असतात. बोलणी लांबत जाऊन मधल्या काळात ८०ची रेघ ओलांडली गेली, तर दाद कुठे मागणार?

आपसातला रस्ता सरसकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. इमारतीचा फ्रीहोल्ड रहिवाशांच्याच कंपनीकडे असेल तर बहुधा तोच बरा पडतो. तिथे ९९९ वर्षांची लीज नुसत्या वकिली खर्चात मिळालेली उदाहरणं भरपूर आहेत. विक्री तोंडावर आली असेल आणि फ्रीहोल्डर सरळ असेल तरीही विचार करा. पण कोणतीही ऑफर स्वीकारण्याआधी आपल्या सर्व्हेअरकडून कायद्याच्या रस्त्याचा आकडा काढून समोर ठेवा. त्या आकड्याशिवाय ऑफर स्वस्त की महाग हे कळायला मार्गच नाही.

माणसं कोणती लागतात

दोन. एक सॉलिसिटर आणि एक सर्व्हेअर, आणि दोघंही याच कामातले. घर घेताना ज्यांनी कन्व्हेयन्सिंग, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम, केलं तेच सॉलिसिटर सोयीचे वाटतात, पण लीज एक्स्टेन्शन हे वेगळं कसब आहे. इथे एक तारीख चुकली की सगळं मुसळ केरात. 'वर्षाला सेक्शन ४२च्या किती केस करता?' असं थेट विचारा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही. ॲलेप नावाची संघटना याच क्षेत्रातल्या सॉलिसिटर-सर्व्हेअरांची आहे, तिच्या यादीपासून शोधायला सुरुवात करता येते. सर्व्हेअर आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य असावा आणि तुमच्या भागातल्या फ्लॅटच्या किमती त्याला तोंडपाठ असाव्यात.

पैसे मोजण्याआधी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसचा फायदा घ्या. ही सरकारी पैशांवर चालणारी संस्था आहे, सल्ला फुकट मिळतो. त्यांच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटरही आहे. त्याचा आकडा अंदाजापुरता धरायचा, पण बजेट बांधायला पुरतो.

सर्व्हेअरकडून तीन आकडे मागा: नोटिशीत लिहायची रक्कम, शेवटी जिथे थांबण्याची शक्यता आहे ती रक्कम आणि वाईटातली वाईट रक्कम. मॉर्गेज किंवा बचतीचं गणित दुसऱ्या आकड्यावर बसवा आणि तिसऱ्यासाठी जागा ठेवा.

खर्चाचं आणखी एक कलम अनेकांना ठाऊक नसतं. कायद्याच्या रस्त्यात फ्रीहोल्डरचा वाजवी वकिली आणि व्हॅल्युएशनचा खर्चसुद्धा तुम्हीच द्यायचा असतो. दोन्ही बाजूंचं मिळून प्रीमियमच्या वर काही हजार पौंड सहज जातात. प्रीमियम मोठा असेल, किंवा हा फ्लॅट तुमचं दुसरं घर असेल, तर स्टँप ड्यूटी लागते का हेही सॉलिसिटरला सुरुवातीलाच विचारा.

पैसे भारतातून येणार असतील तर तयारी दोन महिने आधी सुरू करा. आईवडिलांनी पुण्यातला प्लॉट विकून मदत करायची ठरवली, तर रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मर्यादा बहुतेकांना पुरते. घोडं अडतं ते कागदांवर. इथला सॉलिसिटर पैशाचा उगम विचारतो आणि त्याला विक्रीखत, बँक स्टेटमेंट, भेट दिल्याचं पत्र असं सगळं लागतं. मराठीतलं खरेदीखत असेल तर प्रमाणित भाषांतर मागितलं जाऊ शकतं. तिकडे बँकेत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो, त्याचा हिशेब आईवडिलांच्या सीएकडे द्या म्हणजे विवरणपत्रात तो धरता येतो.

नोटीस, आणि त्यानंतरच्या तारखा

सेक्शन ४२ची नोटीस सॉलिसिटर तयार करतो. तरी सही करण्याआधी स्वतः वाचा. रजिस्टरवर दोघांची नावं असतील तर नोटिशीतही दोघांची हवीत, आणि स्पेलिंग रजिस्टरसारखंच. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत फक्त आद्याक्षर आणि लग्नानंतरचं आडनाव तिसरीकडे असा प्रकार नेहमीचा. इथे तो चालत नाही. एक जण भारतात असेल तर अडचण नाही. २०१४च्या दुरुस्तीनंतर नोटिशीवर स्वतः सही करायची सक्ती राहिलेली नाही, रीतसर अधिकार देऊन सॉलिसिटरकडून सही करवता येते.

नोटिशीतली रक्कम कमी असावी, पण खरी वाटेल अशी. वाटेल तो फुटकळ आकडा लिहिला तर नोटीसच बाद होऊ शकते. कडोगन विरुद्ध मॉरिस या खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने हेच सांगितलं.

नोटीस पोचली की फ्रीहोल्डर प्रस्तावित प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यातली जास्त असेल ती रक्कम डिपॉझिट म्हणून मागू शकतो. त्याचा सर्व्हेअर फ्लॅट बघायला येतो. त्याला येऊ द्या, घर दाखवा, पण 'आम्हाला विकायचंय, घाई आहे' हे त्याच्याशी बोलू नका. तो सभ्यच असतो, फक्त समोरच्या बाजूचा असतो. तुम्ही स्वतःच्या खर्चाने नवं स्वयंपाकघर किंवा बाथरूम केलं असेल तर त्याची बिलं आपल्या सर्व्हेअरकडे द्या. तुम्ही केलेल्या सुधारणांनी वाढलेली किंमत प्रीमियममध्ये धरायची नसते.

नोटिशीत एक तारीख असते, किमान दोन महिने पुढची. तोवर फ्रीहोल्डरने प्रतिनोटीस द्यायची. त्यात तो हक्क मान्य करतो आणि आपला आकडा सांगतो. तुम्ही ९,००० लिहिले असतील तर उत्तर १९,००० येऊ शकतं. ते वाचून झोप उडवून घेऊ नका. दोन्ही बाजू टोकापासूनच सुरुवात करतात, आणि बहुतेक प्रकरणं दोन सर्व्हेअरांच्या बोलण्यात मध्ये कुठेतरी मिटतात.

आता तारखांकडे नीट लक्ष द्या. प्रतिनोटीस आल्यापासून दोन महिने वाटाघाटीला. तोवर जमलं नाही तर फर्स्ट-टिअर ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाकडे (वेल्समध्ये लीजहोल्ड व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे) अर्ज करता येतो, आणि तो प्रतिनोटिशीपासून सहा महिन्यांच्या आत करावाच लागतो. सहा महिने उलटले आणि अर्ज केला नाही, तर नोटीस मागे घेतली असं कायदा धरतो. पुन्हा नोटीस द्यायला १२ महिने थांबायचं, फ्रीहोल्डरचा तोवरचा खर्च भरायचा आणि प्रीमियम नव्या तारखेला नव्याने मोजायचा. ८१ वर्षं असताना सुरू केलेलं प्रकरण असं बारगळलं तर वर्षभराने तुम्ही ८०च्या खाली असता. बोलणी छान चालली असली तरी सहाव्या महिन्याआधी संरक्षण म्हणून अर्ज टाकायला सॉलिसिटरला सांगा. अर्ज केला म्हणजे भांडण झालं असं होत नाही, बहुतेक अर्ज सुनावणीआधीच मिटतात.

फ्रीहोल्डरने प्रतिनोटीस दिलीच नाही तर? मग तुमच्या नोटिशीतल्या अटींवर लीज मिळावी म्हणून काउंटी कोर्टात जाता येतं, तेही सहा महिन्यांच्या आत. आणि फ्रीहोल्डर सापडतच नसेल, कंपनी गायब असेल, तरी मार्ग आहे. कोर्ट त्याच्या जागी सही करवून लीज देऊ शकतं. वेळ लागतो, काम होतं.

दरम्यान एक छोटं काम सॉलिसिटरकडून करून घ्या: तुमच्या नोटिशीची नोंद फ्रीहोल्डरच्या टायटलवर लँड रजिस्ट्रीत करणं. मध्येच त्याने इमारत विकली तर नवा मालक तुमच्या नोटिशीला बांधील राहतो.

अटी ठरल्या की दोन महिन्यांत नवी लीज पूर्ण व्हायला हवी. ती अडली तर कोर्टात जायला त्यापुढे आणखी दोनच महिने असतात. हीदेखील डायरीत लिहून ठेवायची तारीख.

नवा कायदा येतोय, थांबू का?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं एक उत्तर नाही. मे २०२४मध्ये लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्ट मंजूर झाला. त्यात ९०ऐवजी ९९० वर्षांची वाढ, मॅरेज व्हॅल्यू रद्द आणि फ्रीहोल्डरचा खर्च सहसा तुमच्या डोक्यावर नाही, अशा मोठ्या गोष्टी आहेत. पण कायदा मंजूर होणं आणि त्याची कलमं लागू होणं यांत अंतर असतं. दोन वर्षांची अट गेली ती लागू झाली. ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यूच्या कलमांना सरकारचे पुढचे आदेश लागतात, आणि प्रीमियम मोजायचे दरही सरकारनेच ठरवायचे आहेत. मोठ्या फ्रीहोल्डरांनी या कायद्याला हायकोर्टात आव्हान दिलं होतं, ते ऑक्टोबर २०२५मध्ये फेटाळलं गेलं. नोटीस काढण्याच्या दिवशी नेमकी कोणती कलमं लागू आहेत, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या.

माझं मत असं. ८०हून जास्त, ८४पर्यंत वर्षं उरली असतील तर थांबण्यात अर्थ नाही. आज मॅरेज व्हॅल्यू नाही, आणि उद्याच्या आशेवर ती ओढवून घेण्यात शहाणपण नाही. ९५-१०० वर्षं असतील आणि विकायचं नसेल तर निवांत राहा, वर्षातून एकदा बातमी बघा. वर्षं आधीच ७० ते ७९ असतील, फ्लॅट विकायचा नसेल आणि रीमॉर्गेजही पुढ्यात नसेल, तर थांबण्याचा विचार रास्त आहे, कारण मॅरेज व्हॅल्यू गेली तर तुमची मोठी बचत होईल. पण दर वर्षी प्रीमियमचे बाकीचे दोन भाग वाढत राहतात हेही त्या हिशेबात धरा. आणि मॉर्गेजची फिक्स्ड डील, म्हणजे ठरलेल्या व्याजदराची मुदत, पुढच्या वर्षी संपत असेल तर कायद्याची वाट बघत बसू नका. छोट्या लीजवर बँकेने नाही म्हटलं तर चढ्या व्याजावर अडकून पडाल, आणि तो तोटा बचतीपेक्षा मोठा होऊ शकतो.

फ्लॅट अजून घ्यायचाय त्यांच्यासाठी

व्ह्यूइंगची, म्हणजे फ्लॅट बघायची, वेळ ठरवतानाच फोनवर लीजची वर्षं विचारा. ८५च्या खाली असतील तर ऑफर देण्याआधी लीज वाढवण्याचा अंदाज काढा आणि तो किमतीतून वजा करा. विकणाऱ्यालाच सेक्शन ४२ची नोटीस काढायला लावून, तिचा हक्क विक्रीबरोबर आपल्या नावे करून घ्यायचा मार्ग अजूनही कामाचा आहे. दोन वर्षांची अट गेली तरी फ्लॅट लँड रजिस्ट्रीत तुमच्या नावावर चढायला काही महिने लागू शकतात आणि स्वतःची नोटीस त्यानंतरच काढता येते. वर्षं साडेऐंशी असतील तर तेवढ्यात रेघ ओलांडली जाईल. नोटीस आणि तिचं हस्तांतर, दोन्ही कागद विक्रीच्या व्यवहारात एकदमच बसवावे लागतात, म्हणून ही गोष्ट सॉलिसिटरला पहिल्या दिवशी सांगा.

इमारतीतले निम्मे तरी फ्लॅटवाले एकत्र येत असतील तर लीज वाढवण्याऐवजी सगळा फ्रीहोल्डच विकत घेता येतो. तो मोठा विषय आहे, पण शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा विचारून बघा. छोट्या इमारतीत हे जमण्यासारखं असतं.

पूर्ण झाल्यावर

कायद्याच्या रस्त्याने लीज वाढली की जुनी लीज संपते आणि नवी सुरू होते. मॉर्गेज आपोआप नव्या लीजवर जातं, तरी बँकेला कळवावं लागतं आणि ते काम सॉलिसिटर करतो. आपसातल्या रस्त्यात मात्र बँकेची परवानगी आधी घ्यावी लागते.

नवी लीज लँड रजिस्ट्रीत नोंदल्याशिवाय काम झालं असं समजू नका. नोंद झाली की पुन्हा ७ पौंड भरून रजिस्टर काढा आणि मुदतीची ओळ स्वतः वाचा: सुरुवातीची तारीख, वर्षं, तुमच्या नावांचं स्पेलिंग. चूक असेल तर ती लगेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं, दहा वर्षांनी विकताना अवघड. सर्व्हिस चार्ज पूर्वीसारखाच द्यायचा आहे. ग्राउंड रेंटचं बिल मात्र नंतरही आलं, तर पैसे भरू नका. नव्या लीजची प्रत जोडून मॅनेजिंग एजंटला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. त्यांच्या कॉम्प्युटरवरची जुनी नोंद कोणी बदललेली नसते, असं बरेचदा होतं.